मोहरीएवढी गोळी आणि हाडांचा साठा

मोहरीचा एक दाणा साधारण दोन-तीन मिलिग्रॅम भरतो. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या ॲनास्ट्रोझोलच्या गोळीत औषध असतं फक्त १ मिलिग्रॅम, लेट्रोझोलच्या गोळीत अडीच. फोडणीतल्या एका मोहरीएवढं, किंवा त्याहूनही कमी. ही गोळी सुरू होते तेव्हा ऑपरेशन झालेलं असतं, केमो संपलेली असते, शेक घेऊन झालेले असतात, डोक्यावर पुन्हा केस येऊ लागलेले असतात. नातेवाइकांनी विचारपूस केली की घरातून उत्तर येतं, "आता काही नाही, फक्त एक गोळी चालू आहे."

ही "फक्त एक गोळी" पाच वर्षं घ्यायची असते. काहींना सात, काहींना दहा. कर्करोग परत येऊ न देण्याचं फार मोठं काम ती करते. पण त्याच वर्षांत ती हाडांचा साठाही कमी करत जाते. दुखत नाही, सुजत नाही, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत काही दिसत नाही. पुष्कळदा ही झीज कळते ती मोरीत पाय घसरून मनगट मोडल्यावर, किंवा वाकून घमेलं उचलताना पाठीत कळ येऊन मणका दबल्यावर. वाईट याचं वाटतं, की यातलं बरंचसं टाळता येतं. हाडं मोजायचं यंत्र आहे, औषधं आहेत, त्यांवर झालेले मोठे अभ्यास आहेत. कमी पडते ती एक साधी सवय : हार्मोनची गोळी लिहून दिली, की लागलीच हाडांचीही मोजणी करून ठेवायची.

स्तनाचा कर्करोग आणि हाडं यांचा संबंध मुळात एकाच संप्रेरकापाशी येऊन पोचतो. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी एक अजब वाटणारा अनुभव प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढून टाकले आणि तिच्या गाठी विरत गेल्या. इस्ट्रोजेन हे नावसुद्धा तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पुढे १९४१ साली बॉस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी दुसरं टोक पकडलं. ठिसूळ हाडं घेऊन त्यांच्याकडे येणारे रुग्ण जवळपास सगळे पाळी गेलेल्या स्त्रियाच होत्या. इस्ट्रोजेन आटलं की हाडांचं बांधकाम मंदावतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जे संप्रेरक गाठीला खतपाणी घालतं तेच हाडांची राखण करतं, हे कोडं मात्र दोन्हीकडच्या डॉक्टरांना पुढे कित्येक दशकं पुरलं.

हाड म्हणजे दगड नव्हे, ही गोष्ट समजल्याशिवाय पुढचं नीट उमगत नाही. हाड जिवंत असतं आणि त्याची डागडुजी रात्रंदिवस चालू असते. एका जातीच्या पेशी जुनं, थकलेलं हाड पोखरून काढतात. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या जातीच्या पेशी गवंड्यासारख्या येऊन नवं हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्यानं बांधला जातो. तिशीच्या आसपास हाडांचा साठा सर्वांत जास्त असतो. त्यानंतर पोखरणं आणि भरणं यांतला तोल हळूहळू पोखरण्याकडे झुकतो. इस्ट्रोजेन पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी जाते तेव्हा हा लगाम सुटतो, म्हणून पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यांत वेगानं झिजतात.

पण पाळी गेली म्हणून इस्ट्रोजेन पुरतं संपत नाही. अंडाशय थांबले तरी चरबीत, स्नायूंत, त्वचेत अरोमटेज नावाचं एक विकर असतं. ते शरीरातल्या दुसऱ्या संप्रेरकांपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. साठीतल्या बाईची हाडंही या उरल्यासुरल्या इस्ट्रोजेनवर थोडीफार तगून असतात, आणि तिच्या गाठीलाही तेवढं इस्ट्रोजेन पुरतं. अँजेला ब्रोडी या शास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात या विकराला अडवणारी औषधं शोधायला सुरुवात केली. कर्करोगाच्या औषधांच्या इतिहासात ब्रोडींचं नाव जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही. आजच्या ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या अरोमटेज अडवण्याच्या त्याच कल्पनेवर उभ्या आहेत. त्या घेतल्यावर पाळी गेलेल्या स्त्रीच्या शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही जवळजवळ नाहीसं होतं. गाठ उपाशी मरते, आणि हाडांचा शेवटचा राखणदारही जातो.

टॅमॉक्सिफेन या जुन्या गोळीची चाल वेगळी. ती इस्ट्रोजेन बनणं थांबवत नाही. पेशीच्या दारावर जाऊन इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. स्तनात ती इस्ट्रोजेनच्या विरुद्ध वागते, पण हाडात चक्क इस्ट्रोजेनसारखी. त्यामुळे पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं ती थोडीफार जपते. पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रियांत मात्र तिच्यामुळे उलट हाडं किंचित झिजतात, कारण त्यांच्या स्वतःच्या भरपूर इस्ट्रोजेनपुढे गोळीची नक्कल फिकी पडते. एकच गोळी आईची हाडं सांभाळते आणि मुलीची झिजवते!

ॲनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन यांची समोरासमोर तुलना ९,३६६ स्त्रियांच्या "अटॅक" या मोठ्या चाचणीत झाली. सुमारे साडेपाच वर्षांनंतरचा हिशेब असा : टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्के स्त्रियांचं कुठलं ना कुठलं हाड मोडलं होतं, ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांचं. कर्करोग परत येण्याचं प्रमाण मात्र ॲनास्ट्रोझोलवाल्यांत कमी होतं. हे आकडे वाचून गोळी बंद करावीशी वाटणं स्वाभाविक आहे आणि अत्यंत धोक्याचं आहे. अरोमटेज अडवणाऱ्या गोळ्यांनी रोग उलटण्याचं प्रमाण टॅमॉक्सिफेनपेक्षाही आणखी सुमारे तीस टक्क्यांनी घटतं, हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे. गोळी चालू ठेवायची आणि हाडंही सांभाळायची. दोहोंपैकी एक सोडायची वेळ बहुतेकींवर येत नाही. "अटॅक" चाचणीतली आणखी एक गोष्ट धीर देणारी आहे. गोळीचा काळ संपल्यावर दोन्ही गटांतला हाडं मोडण्याचा फरकही मिटला.

भारतातल्या बायकांसाठी हा प्रश्न आणखी अवघड का होतो, ते नीट पाहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. बायकांमध्ये आता हाच कर्करोग सगळ्यांत जास्त आढळतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो सुमारे दहा वर्षं आधी गाठतो. चाळिशीतल्या, पस्तिशीतल्याही कितीतरी जणी ओपीडीत दिसतात. त्यात आपल्याकडे पाळीही लवकर जाते, सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे बाई जितकी वर्षं जगेल, त्यांतली इस्ट्रोजेनशिवायची वर्षं मुळातच जास्त.

आणि चाळिशीच्या आतल्या बाईवर उपचार होतात तेव्हा हाडांवर दुहेरी, तिहेरी घाव पडतो. केमोमुळे अंडाशय थकतात आणि पाळी अचानक बंद होते. काहींची परत येते, काहींची येत नाही. पुष्कळ जणींना अंडाशय गप्प करणारं इंजेक्शन दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली दिलं जातं. काहींचे अंडाशय काढूनच टाकतात. त्यावर पुन्हा अरोमटेज अडवणारी गोळी. निसर्गतः पाळी जाते तेव्हा शरीराला तयारीला काही वर्षं मिळतात. इथे पस्तिशीतली बाई काही आठवड्यांत साठीच्या पलीकडे ढकलली जाते. नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्या स्त्रीच्या कण्याची घनता वर्षाला एक-दोन टक्क्यांनी उतरते. अरोमटेज अडवणाऱ्या गोळीवर ती दोन ते तीन टक्क्यांनी, आणि अंडाशय बंद करून वर ही गोळी दिलेल्या तरुण स्त्रियांत पहिल्याच वर्षात सातेक टक्क्यांनी उतरल्याची नोंद आहे. तरुण आहे म्हणून हाडं दणकट असतील, हा समज इथे पार उलटा ठरतो. मुलांना शाळेत सोडणाऱ्या, लोकलनं कामाला जाणाऱ्या या बायकांच्या हाडांची चौकशी सगळ्यांत आधी व्हायला हवी, आणि नेमकी तीच मागे पडते.

मोजणीच्या यंत्राला डेक्सा म्हणतात. गादीवर दहा-पंधरा मिनिटं निजायचं, वरून एक दांडा सरकत जातो, सुई टोचायची नाही, बोगद्यात शिरायचं नाही. किरणोत्सर्ग अगदी नाममात्र. कणा आणि खुबा या दोन जागी हाडाची घनता मोजून ती तरुण, निरोगी स्त्रीच्या सरासरीशी ताडतात आणि त्यातून टी-स्कोअर काढतात. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ झालेली. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ठिसूळ हाडं. गोळी सुरू करताना एकदा आणि मग एक-दोन वर्षांनी पुन्हा, शक्यतो त्याच यंत्रावर, असा रिवाज आहे. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणून जुना रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवणं महत्त्वाचं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. "माझा बोन स्कॅन झाला आहे आणि तो चांगला आला," असं पुष्कळ जणी सांगतात. बोन स्कॅन ही वेगळी तपासणी. कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे ती पाहते. हाड किती भरीव आहे, हे तिला कळत नाही. बोन स्कॅन स्वच्छ असूनही हाडं पोकळ झालेली असू शकतात. पेट स्कॅनचंही तेच. डेक्सा झाला आहे का, हे त्याच नावानं विचारायचं.

यंत्राशिवाय घरातही एक खूण हाती लागते, ती म्हणजे उंची. मणके एकदम मोडत नाहीत, दबतात. आणि दबलेल्या मणक्यांपैकी निम्म्याहून जास्त कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर कमी भरली, साडीच्या निऱ्या पूर्वीच्या मापानं लांब पडू लागल्या, पाठीला बाक आला, तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. पाठदुखीकडे मात्र आणखी गंभीरपणे पाहावं लागतं, कारण स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरतो तेव्हा हाडं हे त्याचं सगळ्यांत आवडतं ठिकाण असतं. रात्री झोपू न देणारं, आडवं पडूनही न थांबणारं, आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं मलम चोळत काढायचं नसतं. पायांतली ताकद जाऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

हाडं वाचवणाऱ्या औषधांची कथा सुरू होते गिझरच्या कॉइलवर बसणाऱ्या पांढऱ्या क्षारापासून. पाण्यातला क्षार साचू नये म्हणून उद्योगांत पायरोफॉस्फेटच्या जातीचे पदार्थ वापरत. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांचे सहकारी अभ्यास करत होते, की शरीरात नको तिथे कॅल्शियम साचू न देण्याचं काम कोण करतं. उत्तर मिळालं पायरोफॉस्फेट. पण ते शरीरात टिकत नाही, म्हणून त्याचा टिकाऊ भाऊबंद शोधला गेला. तो बिस्फॉस्फोनेट. हे औषध हाडाला जाऊन चिकटतं, आणि हाड पोखरायला आलेली पेशी ते गिळून निकामी होते. झोलेड्रॉनिक ॲसिड याच कुळातलं. दर सहा महिन्यांनी ४ मिलिग्रॅम, सलाइनमधून, किमान पंधरा मिनिटं. पहिल्या वेळी पुष्कळ जणींना दुसऱ्या दिवशी ताप येतो, अंग मोडून येतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं. हे एक-दोन दिवसांत ओसरतं आणि पुढच्या वेळी बहुधा होत नाही. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर बाई घाबरून दुसऱ्या डोसाला येतच नाही. देण्यापूर्वी मूत्रपिंडं, रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं असतं.

आणि दात. जबड्याचं हाड उघडं पडून ते भरून न येण्याचा एक दुर्मीळ दुष्परिणाम या औषधांत दिसतो. सहा महिन्यांतून एकदा दिल्या जाणाऱ्या मात्रेत तो फारच थोड्यांना होतो, पण होतो तो बहुतेक दात काढल्यानंतर. त्यामुळे किडलेले, हलणारे दात औषध सुरू होण्याआधी काढून घेणं शहाणपणाचं. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतल्या, आणि शहरांतल्याही, किती बायका आजही सकाळी मिश्री लावतात! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो हिरड्याही खातो आणि हाडंही. या इंजेक्शनच्या निमित्तानं मिश्रीचा डबा घराबाहेर गेला, तर दुहेरी फायदा.

दुसरं औषध डेनोसुमॅब. हाड पोखरणाऱ्या पेशींना "या, कामाला लागा" असा जो रासायनिक निरोप जातो, तोच हे औषध मधल्या मध्ये अडवतं. ऑस्ट्रिया आणि स्वीडनमधल्या ३,४२५ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. या सगळ्या पाळी गेलेल्या आणि अरोमटेज अडवणारी गोळी घेणाऱ्या होत्या. निम्म्यांना दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं पाणी. पाण्याच्या गटात १७६ जणींची हाडं मोडली, औषधाच्या गटात ९२ जणींची. ज्यांची हाडं सुरुवातीला चांगली होती त्यांनाही तेवढाच फायदा झाला, ही या चाचणीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. टी-स्कोअर तळाला जाण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, असंच ती सांगते.

पण डेनोसुमॅब घेणारीला एक सूचना ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवी. हे औषध मनानं थांबवायचं नाही आणि तारीख चुकवायची नाही. त्याचा अंमल सहा महिन्यांनी ओसरतो आणि आवरून धरलेल्या पोखरणाऱ्या पेशी एकदम उसळून कामाला लागतात. मिळवलेलं हाड भराभर जातं आणि काही स्त्रियांचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. थांबवायचंच असेल, तर डॉक्टर त्याच्या पाठोपाठ बिस्फॉस्फोनेट देऊन ती उसळी थोपवतात. गावाकडे लग्न आहे, पैशांची ओढाताण आहे, पोचायला गाडी नाही, अशा कारणांनी तारखा चुकतात. तारखा पाळणं जिला अवघड, तिनं हे औषध निवडण्यापूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावं. झोलेड्रॉनिक ॲसिडचा अंमल हाडात बराच काळ रेंगाळतो, आणि त्याची जेनेरिक आवृत्तीही तुलनेनं परवडणारी आहे.

बिस्फॉस्फोनेटची कथा इथे संपली असती तरी पुरे झालं असतं. पण तिला एक अनपेक्षित फाटा फुटला. त्याचं मूळ मात्र फार जुनं. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग रक्तातून सगळीकडे फिरतो, मग तो काही ठराविक अवयवांतच का रुजतो? त्यांनी बी आणि माती यांचा दाखला दिला : बी सगळीकडे पडतं, रुजतं मात्र त्याला मानवणाऱ्या जमिनीत. हाड ही स्तनाच्या कर्करोगाची अशीच सुपीक जमीन. हाड पोखरलं जातं तेव्हा त्यातून वाढीची रसायनं सुटतात, आणि तिथे दडून बसलेल्या कर्कपेशींना खुराक मिळतो. मग पोखरणंच थांबवलं तर? हा प्रश्न घेऊन झालेल्या २६ चाचण्यांमधल्या १८,७६६ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये बिस्फॉस्फोनेटमुळे दहा वर्षांत हाडांत रोग उलटण्याचं प्रमाण ८.८ वरून ६.६ टक्क्यांवर आलं, आणि स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू १८ वरून १४.७ टक्क्यांवर. म्हणजे शंभरातल्या तीन बायका वाचल्या, आणि त्या हाडांच्या एका जुन्या औषधानं वाचल्या. पाळी चालू असलेल्यांना हा फायदा दिसला नाही. जमीन कोरडी, म्हणजे इस्ट्रोजेन आटलेलं असेल, तेव्हाच हे औषध बी रुजू देत नाही, असं दिसतं. त्यामुळे पाळी गेलेल्या, किंवा इंजेक्शननं बंद केलेल्या, स्त्रीनं "माझ्यासाठी हे औषध योग्य आहे का?" असा प्रश्न हाडं चांगली असली तरी डॉक्टरांना विचारायला हवा. वेगवेगळ्या देशांच्या तज्ज्ञ मंडळांनीही हा प्रश्न चर्चेला घ्यावा, अशीच शिफारस केली आहे.

आता स्वयंपाकघर. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, दुधात साधारण २४० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे मध्यम भाकरीत दोनशेच्या जवळपास. नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही. भिजवून, आंबवून केलेली आंबील याबाबतीत सरस. पॉलिश न केलेले तीळ कॅल्शियमनं गच्च भरलेले असतात, पण संक्रांतीच्या दोन वड्यांनी वर्ष निघत नाही. रोजच्या ताटात चमचाभर तिळाची चटणी हवी. कुळथाचं पिठलं, शेवग्याचा पाला, ताक, दही, कोकणात काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे. पालकाचं नाव या यादीत मुद्दाम नाही. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आहारातून भागत नसेल तेवढंच गोळीनं भरून काढायचं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, आणि लोहाच्या गोळीबरोबर कधीही नाही. प्रथिनांचा विचारही हवा. केमोनंतर तोंडाची चव गेलेली बाई चहा-बिस्किटावर दिवस काढते आणि स्नायू उतरतात. स्नायू उतरले की हाडंही उतरतात.

ड जीवनसत्त्वाबद्दल आपल्याकडे एक लाडका समज आहे : सकाळचं कोवळं ऊन. कोवळ्या उन्हात बसायला छान वाटतं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात फारसे नसतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं, म्हणजे दुपारच्या आसपासचं, ऊन त्यासाठी लागतं. सावळ्या कातडीला ते जास्त वेळ लागतं, अंग झाकलेलं असतं, शहरात बिल्डिंगांच्या मधे ऊन पोचत नाही, आणि चार महिने पाऊस. भर उन्हाच्या देशात ही कमतरता इतकी सर्रास का, याचं उत्तर इथे आहे. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढीच पुडी घ्यावी. आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी कुणी रोज घेऊ लागलं, तर रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं.

पडणं थांबवणं हाही हाडांचाच उपाय. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेलनं कितीतरी जणींचे तळपाय बधिर होतात. जमीन ओली आहे की कोरडी, हेच पायांना कळत नाही. रात्री अंगाची आग होऊन जाग येते, अंधारात उठून मोरीकडे जायचं, ओल्या फरशीवर गुळगुळीत झालेली रबरी चप्पल. संडासाशेजारी भिंतीत एक दांडा, रात्री जळणारा छोटा दिवा, पायपुसणं घसरणार नाही अशी सोय. या तीन गोष्टींचा खर्च मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनशेजारी मांडूनसुद्धा दिसणार नाही.

शेवटी वजन, आणि इथे एक जुनी भीती बाजूला सारावी लागते. हाडाला भार मिळाला की ते बांधलं जातं, भार काढला की झिजतं. अंतराळात वजनरहित राहणाऱ्या अंतराळवीरांची हाडं महिन्याला एक-दीड टक्क्यानं उतरतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, विरळ हाडांच्या स्त्रियांकडून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं उचलून घेतली, तेव्हा आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. या स्त्रिया कर्करोगाच्या रुग्ण नव्हत्या, पण हाडाचा नियम तोच. नुसतं चालणं हृदयाला उत्तम असतं. हाडाला त्याहून थोडं जास्त आव्हान लागतं. चालण्यामुळे आणि व्यायामामुळे गोळीची दुसरी तक्रारही कमी होते, ती म्हणजे सांधेदुखी. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या चाचणीत वर्षभर व्यायाम करणाऱ्या, अरोमटेज अडवणारी गोळी घेणाऱ्या स्त्रियांचं सांधे दुखणं सुमारे तीस टक्क्यांनी कमी झालं. सांधेदुखीला कंटाळून किती जणी गोळी सोडून देतात, हे लक्षात घेतलं तर या आकड्याची किंमत कळते.

भीती आहे ती हाताला सूज येण्याची. काखेतल्या गाठी काढल्या की "त्या हातानं बादली उचलायची नाही" हे वाक्य बाईला घरी जाताना मिळतं, आणि पुढची वीस वर्षं तो हात जपला जातो, म्हणजे निकामी केला जातो. संशोधक कॅथरिन श्मित्झ यांनी हात सुजलेल्या १४१ स्त्रियांना घेऊन हीच समजूत तपासली. २००९ साली निष्कर्ष आला. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनानं, हातात दाब देणारी बाही घालून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, आणि वजन वाढवत जायचं ते फार सावकाश. वजन उचलणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांची सूज मध्येच बळावली; न उचलणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांची.

डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनं होकार दिला, की त्यासाठी जिमची वाट पाहावी लागत नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरली की ती अर्धा किलोची होते. खुर्चीवर ताठ बसून ती दहा वेळा वर न्यायची, दहा वेळा खाली आणायची. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला नाही, अंगठी-बांगडी घट्ट झाली नाही, तर तीन-चार दिवसांनी पुन्हा. मग केव्हातरी एक लिटरची बाटली.